तिसऱ्या मजल्यावरचं हॉटेल

फ्लोरेन्समधल्या साध्या हॉटेलापाशी पोचल्यावर आधी वाटतं, पत्ता चुकला. रस्त्यावर हॉटेलची एकही खूण नसते. असतो तो एक भलामोठा लाकडी दरवाजा आणि शेजारी पितळी बटणांची पाटी. तिच्यावर एखादा वकील, एखादा दंतवैद्य, दोन-चार आडनावं आणि त्यांच्यात बारीक अक्षरात हॉटेलचं नाव. बटण दाबलं की वरून कुणीतरी दार सोडतं. आत अंधारा बोळ, पुढे दगडी जिना. हॉटेल म्हणजे या शेकडो वर्षांच्या वाड्याचा एक मजला, फार तर दीड. बाकीच्या मजल्यांवर लोक राहतात, कचेऱ्या चालतात. जुन्या शहरातली दोन आणि तीन ताऱ्यांची पुष्कळ हॉटेलं अशीच आहेत. आपण वाड्यातली एक खोली घेतोय हे एकदा मनाशी धरलं, की आरक्षणाआधी काय विचारायचं तेही सुचत जातं.

इथे राहायचं कशाला, हा प्रश्न रास्त आहे. ग्रुप टूरची बस तुम्हाला शहराबाहेर महामार्गालगतच्या प्रशस्त हॉटेलात उतरवते. तिथे लिफ्ट मोठी असते, खोली मोठी असते आणि सकाळचा नाश्ता भरपेट असतो. पण फ्लोरेन्स सकाळी आठच्या आधी आणि रात्री नवानंतर खरं पाहण्यासारखं असतं, आणि त्या दोन्ही वेळांना बस शहरात नसते. शिवाय गाव लहान आहे. सांता मारिया नोवेल्ला स्टेशनपासून कॅथेड्रल दहा मिनिटांच्या चालीवर, तिथून आर्नो नदी आणखी दहा मिनिटांवर. मध्यभागी राहिलात तर दुपारी खोलीवर येऊन पाय पसरता येतात. आईवडील किंवा लहान मुलं बरोबर असतील तर सहलीची निम्मी मजा या एका सोयीवर अवलंबून असते. त्यासाठी खोली लहान असली तरी मी ती घेईन.

आता तारे. इटलीत हॉटेलचे तारे सरकारी निकषांवर मिळतात. स्वागतकक्ष किती तास उघडा, खोलीत फोन आहे का, सामान उचलायला माणूस आहे का, असल्या गोष्टी त्यात मोजल्या जातात. गादी कशी आहे, मालकीणबाई कशा बोलतात, रात्री झोप लागते का, याचा ताऱ्यांशी संबंध नाही. त्यामुळे नीट चालवलेलं दोन ताऱ्यांचं हॉटेल कंटाळलेल्या तीन ताऱ्यांपेक्षा पुष्कळदा बरं निघतं. खोलीच्या आकाराचाही निकष आहे. दोघांच्या खोलीला साधारण १४ चौरस मीटर, म्हणजे जेमतेम दीडशे चौरस फूट. जुन्या इमारतींना त्यातही सूट मिळते. दोन मोठ्या बॅगा उघडून ठेवल्या की चालायला जागा उरत नाही, तेव्हा माणशी एक मध्यम बॅग हे सूत्र इथे फार उपयोगी पडतं.

तारे बाजूला ठेवा आणि हॉटेलला थेट एक ईमेल लिहा. घरच्या माणसांनी चालवलेली ही हॉटेलं उत्तर देतात, आणि उत्तराच्या तऱ्हेवरूनच निम्मं कळतं. साध्या इंग्रजीत, मुद्द्याचं विचारा.

पहिला प्रश्न जिन्याचा. हॉटेल कितव्या मजल्यावर, लिफ्ट आहे का, आणि ती कुठून सुरू होते? हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. कारण जुन्या वाड्यात नंतर बसवलेली लिफ्ट कधी कधी दहा-बारा पायऱ्या चढल्यावर सुरू होते. ती बहुतेकदा दोन माणसांपुरती असते, त्यामुळे बॅग आणि माणूस आळीपाळीने वर जातात. वाड्यांचे मजलेही उंच. आपल्याकडच्या फ्लॅटच्या हिशोबाने तिसरा मजला धराल तर गुडघे चौथा-पाचवा चढल्यासारखे बोलतात. आईला गुडघ्याचा त्रास असेल तर ते ईमेलमध्ये स्पष्ट लिहा. संकोच करू नका.

दुसरा प्रश्न खिडकीचा. रस्त्याकडची खोली उजेडाची, पण खाली दारूचे गुत्ते असतील तर रात्री दोनपर्यंत गलका. आतल्या चौकाकडची खोली शांत, पण अंधारी. कधी समोर फक्त दुसऱ्याची भिंत आणि वाळत घातलेले कपडे. मी आतली खोली मागतो. दिवसभर बाहेर असणाऱ्या माणसाला उजेडापेक्षा झोप हवी. रस्त्याकडची घ्यायचीच असेल तर खिडकीला दुहेरी काच आहे का ते विचारा. चर्चच्या घंटांवर मात्र इलाज नाही. त्या सकाळी वाजतातच.

एसी उन्हाळ्यात चैन नव्हे, गरज आहे. शहर डोंगरांच्या खोलगटात वसलंय. जुलै-ऑगस्टमध्ये पारा ३५ च्या वर जातो आणि दगडी भिंती रात्रभर उष्णता सोडत राहतात. खिडकी उघडावी तर डास, आणि खिडकीला जाळी असतेच असं नाही. उलट थंडीच्या तोंडावर दुसरी गंमत होते. इटलीत इमारतींच्या हीटिंगचा हंगाम कायद्याने ठरलेला आहे आणि फ्लोरेन्समध्ये तो १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल असा आहे. वाड्याचं हीटिंग सामाईक असेल तर ऑक्टोबरच्या अखेरच्या गारठ्यात खोली उबदार करणं हॉटेलवाल्याच्या हातात असेलच असं नाही. त्या दिवसांत जाणार असाल तर जादा ब्लँकेट आहे का ते विचारून ठेवा.

पलंगाचं आधी ठरवा. ‘मात्रिमोनियाले’ म्हणजे जोडप्याचा मोठा पलंग. मित्र, बहिणी किंवा आई-मुलगा जात असाल तर दोन वेगळे पलंग हवेत असं मुद्दाम लिहा, नाहीतर एकच मिळतो. ‘फ्रेंच पलंग’ असं काही दिसलं तर तो साधारण १४० सेंटीमीटर रुंदीचा असतो हे लक्षात ठेवा. एका माणसाला ऐसपैस, दोघांना अडचणीचा. न्हाणीघर ‘खाजगी’ असं लिहिलेलं असलं तरी ते खोलीच्या आतच असेल असं नाही. कधी ते बोळात असतं आणि त्याची किल्ली तुमच्याकडे असते. यात वाईट काही नाही, पण आधी माहीत असलेलं बरं. बाकी इटालियन न्हाणीघरात बिडे असतोच, त्यामुळे पाण्याची सवय असलेल्या आपल्या लोकांची युरोपात इतरत्र होते तेवढी पंचाईत होत नाही. शॉवरची काचपेटी मात्र इतकी अरुंद असते की साबण खाली पडला तर दार उघडूनच तो उचलावा लागतो.

गल्ल्यांबद्दल थोडं सांगतो. स्टेशन आणि सान लोरेन्झो बाजाराच्या मधला भाग, विशेषतः विआ फाएन्झा आणि विआ नात्सिओनालेच्या आसपास, स्वस्त हॉटेलांसाठी जुना आणि सोयीचा. देखणा नाही, रात्री जरा कळकट वाटतो, पण बॅगा ओढायचं अंतर कमी आणि बाजार जवळ. सान मार्को आणि सांतिस्सिमा आनुन्त्सियाताचा परिसर त्याहून शांत, मला सगळ्यात जास्त पटणारा. डेव्हिडचा पुतळा असलेलं आकाडेमिया संग्रहालय तिथून हाकेच्या अंतरावर. सांता क्रोचेजवळ आणि नदीपलीकडे सांतो स्पिरितोच्या चौकात तरुणाईचा रात्रभर वावर असतो. विशीतल्यांनी खुशाल तिथे राहावं. शहराच्या भोवती जे रुंद रस्ते आहेत ते १८६५ ते १८७१ या काळात फ्लोरेन्स इटलीची राजधानी असताना जुनी तटबंदी पाडून केलेले. त्या रस्त्यांच्या बाहेर गेलं की दर उतरतात, पण रोज दोन वेळा वीस-पंचवीस मिनिटांची चाल वाढते.

आणखी एक पर्याय आपल्याकडे फारसा कुणाला सुचत नाही. कॅथलिक संस्था आणि जोगिणींचे मठ चालवत असलेली अतिथिगृहं. त्यांना ‘काझा पेर फेरिए’ म्हणतात. खोली साधी, भिंतीवर क्रूस, फरशी लखलखीत, बरेचदा आत बाग. रात्री ठरावीक वेळेला दार बंद होतं, ती वेळ विचारून घ्या. एकट्या बाईसाठी किंवा वयस्कर जोडप्यासाठी यापेक्षा निवांत जागा मिळणं कठीण.

दर ऋतूवर ठरतात. एप्रिल ते जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबर सगळ्यात महाग, त्यातही ईस्टरचा आठवडा. नोव्हेंबरचा मध्य ते मार्चचा आरंभ स्वस्त. हिवाळ्यात मिळणाऱ्या खोलीला मे महिन्यात दुप्पट मोजावे लागणं नवलाचं नाही. एक मेख आहे. जानेवारी आणि जूनमध्ये पुरुषांच्या फॅशनचं ‘पित्ती उओमो’ प्रदर्शन भरतं. तेव्हा स्टेशनजवळची हॉटेलं भरून जातात आणि दर एकदम चढतात. जानेवारीतली तिकिटं काढण्याआधी त्या तारखा बघाव्यात. १५ ऑगस्टच्या आसपास इटालियन स्वतःच सुट्टीवर जातात. हॉटेलं उघडी असतात, पण कोपऱ्यावरची चांगली खानावळ बंद असण्याची शक्यता जास्त.

ऑनलाइन दिसणाऱ्या दरात शहराचा निवास-कर बहुधा धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्रीचा, ताऱ्यांनुसार असतो आणि हॉटेलात वेगळा भरायचा असतो. अलीकडच्या दराने फ्लोरेन्समधल्या तीन ताऱ्यांच्या हॉटेलात तो रोज माणशी सहा युरोंच्या घरात जातो. म्हणजे दोघांच्या तीन रात्रींचे छत्तीस युरो. लहान हॉटेलं हा कर रोखीत मागतात, तेव्हा तेवढी रोकड बाजूला काढून ठेवा. आणखी एक गोष्ट तपासा. २०२५ पासून इटलीतल्या प्रत्येक पर्यटक निवासाला, मग ते हॉटेल असो की भाड्याचं घर, राष्ट्रीय ओळख क्रमांक जाहिरातीत दाखवावा लागतो. तो दिसत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका.

व्हिसासाठी हॉटेलचं आरक्षण दाखवावं लागतं, आणि इथे लोक दोन टोकं गाठतात. एकतर खोटं आरक्षण जोडतात, नाहीतर स्वस्त पडतं म्हणून परत न मिळणारे पैसे आधीच भरून बसतात. दोन्ही नको. रद्द करता येणारं आरक्षण करा, रद्द करायची शेवटची तारीख व्हिसा हातात येण्याच्या अंदाजाच्या पुढची असेल असं पाहा, आणि व्हिसा मिळाल्यावर वाटल्यास हॉटेलला लिहून थेट दर मागा. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. प्रवास विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. उन्हाळ्याच्या सुट्टीसाठी जाणाऱ्यांनी मुंबईतली भेटीची वेळ आधी बघावी आणि मगच विमानाच्या तारखा ठरवाव्यात.

तिकडे पोचताना. रोमहून वेगवान रेल्वेने दीड तास, मिलानहून सुमारे दोन. फ्लोरेन्सच्या विमानतळावरून टी-२ ट्राम वीसेक मिनिटांत स्टेशनला आणते. गाडी भाड्याने घेऊन शहरात शिरू नका. जुन्या शहरात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे आणि वेशीवेशीवर कॅमेरे आहेत. दंडाची नोटीस काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या घरी येते, त्याआधी गाडी देणाऱ्या कंपनीने आपलं शुल्क कार्डावरून कापून घेतलेलं असतं. गाडीशिवाय पर्यायच नसेल तर हॉटेलला गाडीचा क्रमांक आधी कळवा. पाहुण्यांच्या गाडीची नोंद ते करू शकतात.

पत्ता शोधताना फ्लोरेन्सची एक खास भानगड आड येते. एकाच रस्त्यावर क्रमांकांच्या दोन मालिका चालतात. राहत्या घरांचे क्रमांक काळे किंवा निळे, दुकानांचे आणि खानावळींचे लाल. लाल क्रमांकापुढे पत्त्यात ‘आर’ अक्षर असतं. दोन्ही मालिका आपापल्या चालीने वाढत जातात, त्यामुळे काळा २४ आणि लाल २४ शेजारी असतील असं अजिबात नाही. हॉटेल शोधताना काळ्या-निळ्या पाट्या वाचा, जेवायला जाताना लाल.

संध्याकाळी उशिरा पोचणार असाल तर वेळ कळवणं फार गरजेचं आहे. या हॉटेलांत रात्रपाळीचा माणूस नसतो. आठ-नऊनंतर स्वागतकक्ष बंद झालेला असू शकतो. आधी कळवलंत तर कुणीतरी थांबतं किंवा दार उघडायचा सांकेतिक क्रमांक पाठवतं. पोचल्यावर पासपोर्ट मागतील. पाहुण्यांची नोंद २४ तासांत पोलिसांना पाठवणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे तो द्यायलाच हवा. नोंद झाली की लगेच परत मागा. रात्री बाहेर पडताना रस्त्याच्या दाराची किल्ली बरोबर आहे ना, ते पाहा. खोलीची किल्ली खिशात आणि वाड्याचं दार बंद, अशी गत होते.

खोलीत चहाची किटली सहसा नसते. आपली नेणार असाल तर भारतीय तीन-पिनी प्लग तिथे बसत नाही, ॲडॅप्टर लागतो. मोबाइलचा दोन-पिनी चार्जर मात्र बहुतेक ठिकाणी बसतो. खोलीत स्वयंपाक करू नका. छताला जुनी लाकडी तुळई असते आणि धूर ओळखणारं यंत्रही. घरून नेण्याच्या खाऊत चिवडा-लाडू ठीक, पण युरोपीय संघाबाहेरून दूध-दुभत्याचे पदार्थ आणि मांस आणायला मनाई आहे. तूप, पेढे, बर्फी घरीच ठेवा, आणि लाडू तुपातले असतील तर तेही.

नाश्ता दरात धरलेला नसेल तर तो नाकारा. साध्या हॉटेलातला नाश्ता म्हणजे कडक टोस्ट, जॅमच्या पुड्या, एखादा कोर्नेत्तो, म्हणजे क्रॉसाँसारखा गोड पाव, आणि यंत्राची कॉफी. खाली कोपऱ्यावरच्या बारमध्ये उभ्याने घेतलेला ताजा कोर्नेत्तो आणि कपुच्चिनो याहून चांगला, आणि तीन-चार युरोंत होतो. बसून घेतलात तर बिल वाढतं. शाकाहारी माणसाला टस्कनीत उपाशी राहावं लागत नाही. टोमॅटो आणि शिळ्या पावाची पाप्पा अल पोमोदोरो, घेवड्याची आणि काळ्या कोबीची रिबोल्लिता, हरभऱ्याच्या पिठाची चेचीना, जी आपल्या जाडसर धिरड्याच्या अगदी जवळची. रिबोल्लितात मांसाचं पाणी नाही ना, ते विचारा. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं तर मासे किंवा हॅम चालतं असा समज होऊ शकतो, म्हणून ‘वेजेतारियानो’ हाच शब्द वापरा. पार्मेजान चीज करताना वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, ज्यांना चालत नाही त्यांनी ते वरून भुरभुरू देऊ नये. टस्कनीच्या पावात मीठ नसतं, ती चूक समजून परत पाठवू नका. दुपारी अडीचनंतर खानावळींचा भटारखाना बंद होतो तो साडेसातशिवाय उघडत नाही. सान लोरेन्झोची मध्यवर्ती मंडई १८७४ ची, लोखंड आणि काचेची. तिच्या वरच्या मजल्यावर या अधल्यामधल्या वेळातही खायला मिळतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटल्या विकत घेऊ नका.

किती रात्री? तीन. त्यात सोमवार येणार असेल तर जपून. उफ्फीत्सी आणि आकाडेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद असतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी संग्रहालयं फुकट असतात आणि म्हणून तुडुंब भरतात. कॅथेड्रलवरच्या ब्रुनेलेस्कीच्या घुमटावर चढायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळेचं तिकीट आधीच काढावं लागतं. हॉटेल पक्कं झालं की त्याच दिवशी ही तिकिटं काढा.

तिसऱ्या दिवसाची एक दुपार मात्र मोकळी ठेवा, विशेषतः कोल्हापूरकरांनी. कोल्हापूरचे छत्रपती दुसरे राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना फ्लोरेन्सला थांबले आणि ३० नोव्हेंबर १८७० रोजी इथल्या एका हॉटेलातच त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. हिंदू रिवाजाप्रमाणे दहन संगमावर व्हावं म्हणून शहराच्या पश्चिम टोकाला, आर्नो आणि मुन्योने या नद्या मिळतात तिथे, त्यांचे अंत्यसंस्कार झाले. १८७४ मध्ये शिल्पकार फुलर यांनी केलेलं त्यांचं स्मारक छत्रीखाली उभं आहे आणि जवळच्या मोठ्या पुलालाही फ्लोरेन्सकर ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. त्या प्रवासात महाराजांनी लिहिलेली रोजनिशी १८७२ मध्ये लंडनमध्ये छापली गेली. जायचं कसं? टी-१ ट्रामने काशिने थांब्यावर उतरा आणि काशिने बागेतून नदीच्या कडेने पश्चिमेकडे चालत राहा. बाग लांबलचक आहे, तेव्हा जाऊन-येऊन अर्धा दिवस धरा, पाणी बरोबर घ्या आणि उजेड असताना परत या. ज्यांना इतकं चालवणार नाही त्यांनी हॉटेलातून टॅक्सी बोलवावी. रस्त्यात हात दाखवून ती थांबत नाही, फोन करावा लागतो किंवा टॅक्सीतळावर जावं लागतं.

निघायच्या दिवशी खोली दहा-अकराला रिकामी करावी लागते. बॅगा हॉटेलात ठेवू देतात, पण कधी कधी उघड्या बोळात, तेव्हा पासपोर्ट आणि लॅपटॉप त्यात राहू देऊ नका. कर आणि बाकी हिशोब आदल्या संध्याकाळीच उरकून घ्या. साध्या प्रादेशिक गाडीचं छापील तिकीट असेल तर फलाटावर जाण्याआधी ते यंत्रात सारून शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. आणि आदल्या दिवशी हॉटेलात एवढं विचारा, की उद्या रेल्वेचा संप तर नाही ना. इटलीत संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ व संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत काही ठरलेल्या गाड्या तरीही सोडाव्या लागतात. तसं असेल तर पहाटेचा गजर लावा आणि दाराची किल्ली कुठे ठेवून जायची ते रात्रीच विचारून ठेवा.